आकड्याखालची रेघ

जुनी कागदी ड्रॉइंग संगणकात घेताना स्कॅन सरळ करून डाग पुसले की पुढे प्रोग्रॅमला फक्त आकडे वाचण्याचं काम उरतं, असं मत इथे एकाने मांडलंय; ते अर्धंच पटलं. व्यासाचं चिन्ह (Ø) प्रोग्रॅम शून्य म्हणून वाचतो ही त्यांची तक्रार खरी आहे, पण ती चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. आमच्याकडे घोटाळा झाला तो डाग पुसण्यातच. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, कपाटात जुन्या अमोनिया प्रिंटांची, म्हणजे ड्रॉइंगच्या कागदी प्रतींची, चळत पडलेली. त्या स्कॅन करून कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, घेत होतो. एका ब्रॅकेटच्या (आधाराच्या पट्टीच्या) ड्रॉइंगवर माप २६५ लिहिलेलं, पण १:५ च्या, म्हणजे पाचपट लहान काढलेल्या, त्या ड्रॉइंगवर मापाची रेघ ४८ मिलिमीटरची, म्हणजे प्रत्यक्षात २४०. प्रोग्रॅमने आकडाच चुकीचा वाचला गेला असं धरलं आणि २४० टाकून मोकळा झाला! तसे चार नग कापले गेले.

आमच्या निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी मूळ प्रिंट बघताच विचारलं, "अहो, आकड्याखाली रेघ आहे ना?" माप बदललं की पूर्वी सगळं ट्रेसिंग (पारदर्शक कागदावरचं मूळ ड्रॉइंग) कोण खरवडत बसणार? आकडा बदलून त्याच्याखाली रेघ मारायची: हे माप स्केलमध्ये नाही, आकडाच खरा. ही काही काकांची खासगी खूण नाही, ड्रॉइंगच्या मानकांतली रीत आहे. आणि नेमकी तीच रेघ सफाईच्या फिल्टरने कचरा समजून उडवली होती. आता आम्ही आकड्यांच्या आसपास फिल्टर चालवतच नाही, आणि मापाची रेघ व आकडा जुळले नाहीत तर प्रोग्रॅमने ठरवायचं नाही, लाल खूण करून थांबायचं.