अनुभव धागा: गाडी एमएच, मुक्काम परराज्यात

मुक्काम_बंगळूर

बाबांची २००६ ची हिरो होंडा स्प्लेंडर, नंबर एमएच-३१, नागपूरहून रेल्वे पार्सलनं बंगळूरला आणून दीड वर्ष झालं. हमालांनी पेट्रोल काढून, बारदानात गुंडाळून सुतळीनं अशी शिवली होती की सोडवताना हँडल कुठलं आणि कॅरियर कुठलं, कळेना. परवा चौकात अडवलं. नियम मलाही ठाऊक होता: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यायचा. पण बाबा गेले आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण २०२१ मध्ये त्यांनीच करून ठेवलं होतं. भंगारवाला गाडीचे आठ हजार देतो म्हणतो. हा खटाटोप कुणी केलाय का? एजंटांचे दर नकोत, ते रोज तीन जण सांगतात. तुमच्या बाबतीत काय घडलं ते लिहा.

पेन्सिलवाली

केलाय. महाराष्ट्रातून इंदूरला, २०१४ ची बुलेट.

पहिली चूक माझीच. एनओसी, म्हणजे जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र, न काढता गाडी हलवली. एनओसीच्या फॉर्म २८ वर चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा लागतो, तोही प्रत्येक प्रतीवर. बुलेटचा नंबर हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर. त्याच्यावर केबलींचं जाळं, कंपनीचा काळा रंग आणि त्यावर आमच्या गॅरेजवाल्यानं हौसेनं मारलेला दुसरा काळा रंग. थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास घासलं तेव्हा आकडे उजळले. मग पातळ कागद दोन्हीकडून चिकटवायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवायची. टोकानं घासलं की कागद फाटतो. माझे दोन फाटले. तिसऱ्यात ३ चा ८ दिसत होता. चौथा भिंग लावून पाहिला आणि कुरिअर केला.

दुसरी अडचण कर्जाची. हप्ते फिटून सहा वर्षं झाली होती, आरसीवर बँकेचा बोजा मात्र तसाच. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवला. तिसरी, भावाचं हेल्मेटचं पाचशेचं चलान. ते भरेपर्यंत अर्ज पुढे सरकला नाही. भाऊ अजून म्हणतो तो मी नव्हेच.

इंदूरला नव्या नंबरसाठी फॉर्म २७ भरला, गाडी दाखवली, उरलेल्या वर्षांचा कर भरला. नवीन आरसीची प्रत जोडून महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो. मला मिळाला, पुढच्या टायरपुरता. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे परताव्याची आशा ठेवू नका.

बांदेकर

आमी रोज बांद्यासून पत्रादेवीवरसून गोव्यात कामाक जातो. गाडी एमएच-०७. धा वर्षां झाली, नंबर बदलूक नाय. कोणी इचारल्यान तर सांगतो, गाडी रातीक खंय रवता ता बगा. माझी घराकडेच रवता.

चारमिनार_ते_चिंचवड

माझी २०१२ ची पल्सर. हैदराबादला घेतली तेव्हा तेलंगण व्हायचं होतं, म्हणून नंबर एपी. २०१४ नंतर नोंद तेलंगणाकडे, पाटी तीच. एनओसी तेलंगणाची आणि नंबर आंध्राचा. महाराष्ट्रात खिडकीवरच्या बाईंनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला, मग शेजारच्या टेबलवाल्यांना बोलावलं, त्यांनी आणखी एकाला. तिघांना मी राज्याच्या विभाजनाचा इतिहास सांगितला. काम त्याच दिवशी पुढे गेलं, हे कबूल करायलाच हवं.

एक लक्षात ठेवा: नवीन नंबर मिळाला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर तो चढवून घ्या. मी विसरलो होतो. दाव्याची वेळ आली नाही म्हणून निभावलं.

बदलीवाला_फौजी

बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी बदलावा न लागणारा भारत मालिकेचा नंबर, सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाला. आम्हा लष्करवाल्यांना, सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्या लोकांना तो घेता येतो. सुरुवातीला फक्त नव्या गाड्यांना होता, पुढे जुन्यांनाही वाट करून दिली. पण २००६ च्या स्प्लेंडरला त्यात घालणं म्हणजे म्हाताऱ्याला जिम लावणं. सरळ तिथला नंबर घ्या.

येझदीवाले_काका

माझी गोष्ट फसलेल्याची आहे, तीही वाचा. १९८४ ची येझदी मोटरसायकल, म्हैसूरच्या कारखान्यातली. नंबर एम-पासून सुरू होणारा तीन अक्षरी, नवा मोटार वाहन कायदा यायच्या आधीचा. मुलाकडे बडोद्याला न्यायची होती. ऑनलाइन नंबर टाकला तर नोंदच सापडेना. कारण आरसी म्हणजे कापडी पाठीचं पुस्तक, संगणकावर कधी चढलंच नव्हतं. अशी जुनी नोंद संगणकावर चढवण्याला बॅकलॉग म्हणतात, ते आधी करून घ्यावं लागतं. पुस्तक काढलं तर इंजिन नंबरचा कोपरा वाळवीनं खाल्लेला! दोष कुणाला देणार? कपाट माझं, वाळवी माझी. गाडी आता कोल्हापुरात भावाच्या पडवीत आहे. दर दिवाळीला जाऊन किक मारतो. दुसऱ्या किकला होते.

वारसदार_क्र_२

धागाकर्ते, एनओसीच्या मागे नंतर लागा. आधी गाडी तुमच्या नावावर. मालक वारल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. मी दोन वर्षं उशिरा गेलो, दंड भरला, झालं. मृत्यू दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, आणि आई-बहीण यांची संमती. आमच्याकडे याच कागदाला सगळ्यात जास्त वेळ गेला. बहीण सही करायला तयार होती, पण म्हणाली, "आधी सांग, ती गाडी मला शिकवायला बाबा का नाही म्हणाले होते?" त्यावर दोन रविवार गेले.

मुक्काम_बंगळूर

सगळ्यांचे आभार. पुढच्या महिन्यात नागपूरला जातोय, फॉर्म ३१ साठी. आईची सही लागेल हे डोक्यातच नव्हतं.

पेन्सिलवाली, तुमचं वाचून काल ठसा घ्यायला बसलो. टूलबॉक्समध्ये स्पार्क प्लगचा पाना शोधताना प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले दोन कागद सापडले. बाबांनी २०२१ मध्ये घेतलेले जादा ठसे, मागे तारीख आणि "लागतील" असं लिहिलेलं. आकडे स्वच्छ आहेत. हेच चालतील का?

पेन्सिलवाली

नाही, ताजा घ्या. ते दोन लॅमिनेट करू नका, कागद पिवळा पडतो. वहीत ठेवा.