तपासणीआधी आतून धुऊन जा म्हणे!

शेवंती: ‘स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना आतून साबणाने धुवा, आदल्या रात्री जुलाबाचं औषध घ्या, म्हणजे वास नाही, आवाज नाही, लाज नाही.’ हा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. पाळी येण्याच्या वयात योनीमार्गाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण 3.8 ते 4.5 असतो, साबणाने तो बिघडतो. मासळीसारखा वास ही जंतुसंसर्गाची खूण, तीच धुऊन टाकली तर डॉक्टरांनी ओळखायचं कशावरून? पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी घेऊन करायची तपासणी असेल तर आधीचे 48 तास आतून धुणं, क्रीम, योनीत ठेवायची गोळी, संबंध, सगळं बंद. आणि जुलाबाच्या औषधाने पोटात मुरडा येतो, वायू वाढतो.

कोरांटी: सामू सांगून लाज जात नाही, ताई. वास येईल या धास्तीने बायका तपासणीच टाळतात. स्वच्छ वाटलं तर पाय तरी फाकवता येतात. तेवढा दिलासाही काढून घेणार?

शेवंती: बाहेरून साध्या पाण्याने खुशाल धुवा. मी ‘आतून’ म्हटलंय, नीट वाचा.

निशिगंध: आवाजाचं कुणी बोलतच नाही. स्पेक्युलमची, म्हणजे योनी उघडून आत बघायच्या उपकरणाची, पाती उघडली की आत हवा शिरते, काढताना ती आवाज करत बाहेर येते. तो पोटातला वायू नव्हे, त्याला वास नसतो. पण बायका घाबरून गुदद्वार आवळून धरतात. तिथला आणि योनीभोवतीचा स्नायू एकाच पट्ट्यातला, म्हणून योनीही आवळते आणि पाती टोचतात. पाती आत जाताना हळू श्वास सोडत शौचाला करतो तसा किंचित खाली जोर द्या, वाट सैल होते.

अबोली: जोर दिला आणि लघवी सुटली तर? आधी लघवीला जाऊन या, एवढं साधं कुणी का सांगत नाही?

कोरांटी: सरसकट सांगू नका! पोटावरून सोनोग्राफी असेल तर मूत्राशय भरलेलं लागतं. रिकामं करून गेलेल्या बाईला परत पाणी पिऊन ताटकळत बसावं लागतं.

अबोली: विषय हाताने तपासण्याचा आहे. भरलेलं मूत्राशय बोटांना गाठीसारखं लागतं. योनीतून सोनोग्राफी असली तरी रिकामंच हवं.

कोरांटी: आणि खोकताना लघवी गळते ही तक्रार असेल तर? तेव्हा मूत्राशय भरलेलं ठेवून मुद्दाम खोकायला लावतात, थेंब येतात का ते बघायला. तिथे लाजून आवळून धरलं तर तपासणी वाया.

अबोली: बरं, तो अपवाद मान्य. पण मग वेळ घेतानाच ‘लघवी करून येऊ की धरून?’ हे विचारायला शिकवा ना! अर्धवट सल्ल्यांनीच गोंधळ होतो.

शेवंती: पाळीचंही तसंच. रक्तस्राव जोरात असेल तर पॅप पुढे ढकला. पण अवेळी रक्त जातंय म्हणूनच दाखवायला निघाला असाल तर ते थांबायची वाट बघू नका, जा.

कोरांटी: हे पटलं. धुण्याबाबतही, बाहेरून पाणी एवढ्यावर थांबते. पण अंगावर चादर आणि खोलीत बाईमाणूस, हे मागायचंच. त्यावर माघार नाही.