पाय गेला म्हणून नगरपरिषद राजीनामा मागतेय, काय करायचं?

टँकरवाल्याचा_भाऊ:
माझा मोठा भाऊ नगरपरिषदेत पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहे, कायम नोकरी. सुट्टीच्या दिवशी बाइकचा अपघात झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता जयपूर फूट बसवलाय, चालतो, जिना पण चढतो, फक्त टँकर नाही चालवता येणार. मेडिकल बोर्डाकडे पाठवलं होतं, तिथून अनफिट आलं आणि तेव्हापासून आस्थापनावाले (नोकरीचे कागद बघणारा विभाग) सारखे फोन करतायत की राजीनामा लिहून दे, हिशोब लवकर काढून देतो, पोराला पुढं अनुकंपावर, म्हणजे बापाच्या जागी, घेऊ. पगार बंद आहे. साहेब म्हणतात अपघात ड्युटीवर झाला नाही, आमचा काय संबंध. वहिनी म्हणते देऊन टाका, किती भांडायचं. खरंच काही कायदा आहे का, की नुसते वकिलाला पैसे घालायचे?

जुना_हेडक्लार्क:
आधी एक, राजीनाम्यावर सही करू देऊ नका. कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही.
2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 20 पोटकलम 4 वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला, म्हणजे सरकारी कार्यालयाला, माणूस काढता येत नाही आणि खालच्या पदावर पण टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर तेवढ्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, आणि तसं पदच रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादाचं, पद काढून त्यावर ठेवायचं, जागा मिळेपर्यंत नाहीतर रिटायर होईपर्यंत. नगरपरिषद यात येते. ड्युटीवर अपघात झाला पाहिजे अशी अटच नाही, वरातीत नाचताना पाय मोडला तरी कायदा तोच. हे आस्थापनावाल्यांना माहीत असतं हो, म्हणूनच तर राजीनामा मागतायत, स्वतः लिहून दिलं की "आम्ही कुठं काढलं" म्हणायला मोकळे. अनुकंपाचं लेखी मागून बघा, फोन येणं बंद होईल.

कोर्टकचेरी_ताई:
वरच्या काकांचं बरोबर. बोर्डाच्या सर्टिफिकेटची कॉपी हातात घ्या आणि नीट वाचा, "चालक पदासाठी अयोग्य" लिहिलंय की "सेवेसाठी अयोग्य". बरेचदा बोर्ड पहिलं लिहितं आणि ऑफिस दुसरं समजून चालतं. मग मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज, कलम 20 (4) प्रमाणे पर्यायी पद द्या आणि थांबवलेला पगार द्या, सोबत यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड जोडा, आवकमध्ये देऊन शिक्क्याची पोच घ्या. त्याच दिवशी माहिती अधिकारात रिक्त पदांची यादी मागा. जागाच नाही म्हणाले तर ती यादी दाखवता येते.
दाखला हवा तर सुप्रीम कोर्टाचा 2003 चा कुणाल सिंग निकाल आहे. तोही पाय कापावा लागलेलाच कॉन्स्टेबल होता, त्याला अयोग्य ठरवून घरी पाठवलं होतं, आणि पेन्शन सुरू केली म्हणून त्याचा हक्क संपत नाही असं कोर्ट म्हणालं. तो निकाल 1995 च्या जुन्या कायद्याखाली, पण तीच तरतूद नव्या कायद्यात आलीय.

रोखठोक_सोलापूर:
सगळं खरं पण अर्ज करून वर्ष वर्ष कोणी बघत नाही, तोपर्यंत घर कसं चालवायचं ते पण सांगा.

कोर्टकचेरी_ताई:
मुद्दा बरोबर आहे. उत्तर नाही आलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार, वकील लागत नाही. ते ऑफिसला बोलावून कागद मागवू शकतात. त्यांनी शिफारस केली की 3 महिन्यांत कारवाई करून कळवावं लागतं, नाही मानली तर कारण द्यावं लागतं. पण ती शिफारसच, नोकरीतून काढण्याला स्टे हवा तर हायकोर्टातच जावं लागेल. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवेतून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर 15100 ला फोन करा.

एमआयडीसी_कामगार:
प्रायव्हेटला पण हे लागतं का? आमच्याकडे एकाची बोटं गेली, कंपनीनं गेटवरूनच परत पाठवला.

जुना_हेडक्लार्क:
कलम 20 प्रायव्हेटला नाही लागत. भेदभाव करायचा नाही हे त्यांना पण आहे, समान संधी धोरण ठेवावं लागतं, पण एवढं पक्कं संरक्षण नाही. बोटं मशीनवर गेली असतील तर भरपाईचा विषय वेगळा, त्याला ईएसआय (कामगार विमा) आहे का ते आधी बघा, वेगळा प्रश्न टाका इथं.

टँकरवाल्याचा_भाऊ:
सर्टिफिकेट बघितलं, "वाहनचालक म्हणून अयोग्य" एवढंच आहे! उद्या अर्ज घेऊन जातो. आवकवाला घेत नाही म्हणाला तर?

जुना_हेडक्लार्क:
तिथं वाद नका घालू, सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावतीसकट.