क्लच प्लेट गेली म्हणतायत, पण नक्की प्लेटच गेलीय का?

खडूस_ड्रायव्हर:
राम राम मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडी डिझेल हॅचबॅक, 2014 चं मॉडेल, 92 हजार किमी झालेत, क्लच कंपनीतून आला तोच आहे. मागच्या रविवारी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, पाच माणसं, डिकी भरलेली, खंबाटकीच्या चढाला ट्रकला ओव्हरटेक करायला तिसऱ्यात रेस दिली तर आरपीएमचा काटा 2 हजारावरून सरळ 3 हजारावर आणि गाडी आपली 45 च्या 45 लाच, वर जळका वास, आई मागून म्हणते कुणीतरी टायर जाळतंय वाटतं. घाट संपल्यावर सपाटीला पुन्हा सगळं नीट. ओळखीच्या मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि म्हणाला प्लेट संपली, पूर्ण क्लचचा सेट टाकू. असेलही, पण एवढा खर्च करायच्या आधी घरच्या घरी खात्री करता येते का? आणि हो, महिनाभर पहिल्यात गाडी उचलताना थरथरते, त्याचा याच्याशी संबंध नसावा.

तर्री_जास्त:
ऑटोमॅटिक घ्या, विषय संपला 😀

पांढरा_रस्सा:
भावा ते राहू दे बाजूला. क्लचचे आजार मुळात दोन, एक म्हणजे धरत नाही आणि दुसरा म्हणजे सुटत नाही, लोक दोन्हीला "क्लच गेला" म्हणतात आणि तिथंच पैसे जातात. तुझा धरत नाही, म्हणजे स्लिप मारतोय.
खात्री करायची तर सपाट जागा बघ, पुढं कुणी उभं नको. हँडब्रेक पूर्ण ओढ, ब्रेकवर पाय, इंजिन चालू, तिसरा गिअर टाक आणि क्लच हळूहळू सोड. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच धरतोय, गुरगुरत चालूच राहिलं तर स्लिप. एकदाच कर, मजा म्हणून चार वेळा केलंस तर उरलीसुरली प्लेट पण तिथंच जाळशील.

कोपऱ्यातला_चहा:
माझा दुसऱ्या प्रकारचा होता. सकाळी रिव्हर्स टाकला की कर्रर्र, पेडल दोनतीनदा पंप केलं की गिअर गुपचूप पडायचा. क्लच प्लेट बदला म्हणून एकाने सांगितलेलं, निघालं काय तर स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग, गळत होता. माझ्या गाडीत ब्रेक आणि क्लचचं ऑइल एकाच डबीत आहे, लेव्हल खाली गेलेली मला कळलीच नाही. वायरवाला क्लच असेल तर आधी पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीचा मोकळा खेळ) बघा, वायर जास्त ताणलेली असली तरी स्लिप मारतो.

खडूस_ड्रायव्हर:
टेस्ट केली. इंजिन बंद पडलं पण लगेच नाही, दोनेक सेकंद कुंथत राहिलं मग पडलं. माझा हायड्रॉलिक आहे, वायरचा नाही, ऑइल लेव्हल बरोबर आहे. आवाज कसलाच नाही.

पांढरा_रस्सा:
दोन सेकंद कुंथलं म्हणजे थोडा स्लिप मारतोयच. आवाज नाही हे बरं. न्यूट्रलला क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर आणि क्लच दाबल्यावर बंद, तर बहुतेक गिअरबॉक्सचं बेअरिंग. दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं.
पण मला ती थरथर खटकतेय, तू शेवटी जाता जाता टाकलीस ती. नुसती झिजलेली प्लेट स्लिप मारते, पण थरथर असली की इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) तरी बघायचं नाहीतर प्लेटला ऑइल लागलंय का ते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत तिथं खालून बोट फिरव. काळंकुट्ट आलं तर इंजिन ऑइल, तपकिरी आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल.

खडूस_ड्रायव्हर:
काळं. बोट अजून धुतोय.

तर्री_जास्त:
मग प्लेट काढून पेट्रोलने धुवून पुन्हा बसवता येत नाही का?

पांढरा_रस्सा:
नाही रे. लायनिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या थरात, ऑइल मुरतं, वरून साफ दिसतं आणि तापलं की पुन्हा बाहेर येतं. प्लेट नवीनच. पण खडूसराव, मेकॅनिकला सांगा क्रँकचं मागचं ऑइल सील (इंजिनचं ऑइल क्लचकडे येऊ न देणारं) बदलल्याशिवाय प्लेट बसवू नको. सील स्वस्त असतं हो, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मोठी, आणि सील तसंच ठेवलं तर काही महिन्यांत नवीन प्लेट पण न्हाऊन निघणार आणि तीच मजुरी पुन्हा.

खडूस_ड्रायव्हर:
अपडेट. शनिवारी गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा मुद्दाम समोर स्टूल टाकून बसलो. प्लेटची लायनिंग रिव्हेटच्या वर अजून बऱ्यापैकी शिल्लक, पण एका बाजूला काळी चिकट, नखाने खरवडलं की डांबरासारखं निघत होतं. सीलची कड कडक होऊन चिरलेली. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिला घट्ट चिकटते त्या इंजिनच्या चकतीवर, निळसर डाग पडलेले, ते लेथवर फेस करून (पृष्ठभाग सपाट करून) आणलं. मेकॅनिक म्हणाला सील मी उघडल्यावर बघणारच होतो, असो, माणूस चांगला आहे. सील, पूर्ण सेट आणि रिलीज बेअरिंग सगळं टाकलं, थरथर गायब. फक्त आता क्लच इतका खाली धरतो की काल सिग्नलला दोनदा गाडी बंद पाडली, मागचा रिक्षावाला खिडकीशी येऊन म्हणाला, काका नवीन शिकताय का.