टायर चिकटवायला ‘खास’ ग्लू कशाला? पाच रुपयांचं फेविक्विक पुरे!

सुटलेला टायर

परवा माझ्या १/८ बग्गीसाठी, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाएवढ्या रिमोटवरच्या शर्यतीच्या गाडीसाठी, चार टायर आणि चार रिम घेतले. बिल करता करता दुकानातला पोरगा म्हणाला, “सर, टायर ग्लू देऊ?” बोटाएवढी बाटली. किंमत ऐकली आणि गुपचूप काउंटरवर परत ठेवली. ठेवण्याआधी बारीक अक्षरं वाचली, तर आत काय? सायनोॲक्रिलेट. म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बरणीच्या झाकणावर लटकलेलं असतं तेच!

मी दोन वर्षं फेविक्विक वापरतोय. टायरला आतून आधार देणारा फोम आत बसवायचा, टायरची कड रिमच्या खाचेत नीट बसली का बघायचं, अंगठ्याने कड जरा मागे ओढायची, थेंब सोडायचा, दाबून धरायचं, चाक फिरवून पुढे. एका चाकाला फेविक्विकच्या दोन ट्यूब, एक बाहेरच्या बाजूने, एक आतल्या. या दोन वर्षांत एकच टायर सुटला, तोही उडीवरून वाकडा पडल्यावर. माझं स्पष्ट मत आहे की ‘टायर ग्लू’ हे लेबलाचे पैसे आहेत. कोणाला पटत नसेल तर कारणासकट सांगा, नुसतं ‘इम्पोर्टेड ते इम्पोर्टेडच’ नको.

नायट्रोनाना

कारणासकट सांगतो. दोघांना पेरं असतात म्हणून ऊस आणि बांबू एक होत नाहीत.

आधी हिशोब. १/८ बग्गीच्या टायरचा व्यास साधारण ११ सेंटीमीटर धरा. गाडी ताशी ६० किलोमीटरने पळतेय. चाक मिनिटाला जवळपास २,९०० फेरे मारतं आणि टायरच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच्या रबराला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट जोराने बाहेर ओढलं जातं. म्हणजे तिथलं एक ग्रॅम रबर अर्ध्या किलोसारखं ओढतं. वेग दुप्पट केलात तर ओढ चौपट. ही ओढ साइडवॉलमधून, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीतून, त्या दोन मिलिमीटरच्या कडेवर येते. फुल थ्रॉटलला टायर फुग्यासारखा फुगतो तो यामुळेच.

आता ग्लू. सायनोॲक्रिलेट सरळ ताणाला भक्कम असतं, पण सोलल्यासारखं ओढलं की दगा देतं. वाळलं की काचेसारखं कडक होतं ना, म्हणून. टायरवर नेमकं सोलणंच चालू असतं, प्रत्येक वळणावर. चांगल्या टायर ग्लूत रबराचा अंश घातलेला मिळतो, तो जरा लवतो. शिवाय पातळ, मध्यम, जाड असे प्रकार मिळतात. पातळ ग्लू कडेला लावला की स्वतःहून खाचेत शिरतो. तुमच्या ट्यूबवर यातलं काही लिहिलेलं असतं का?

आणि ‘एकच सुटला’ हे तुम्ही किती सहज लिहिलंय! शर्यतीत तो एकच पुरतो. माझा सुटला होता शेवटून दुसऱ्या फेरीत.

प्रयोगशाळेतून

नाना, हिशोब बरोबर आहे. पण तुम्ही दोघं बाटलीवर भांडताय आणि मला वाटतं गोम रबरात आहे.

टायर साच्यातून निघताना चिकटू नये म्हणून साच्याला रिलीज एजंट लावतात. त्याचा थर रबरावर राहतो. त्यावर जगातला कुठलाही ग्लू लावा, तो त्या थराला चिकटेल, रबराला नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कड दोनदा पुसा, कापड बदलून. नायलॉनच्या रिमची खाच बारीक पॉलिश पेपरने नुसती खरवडा, चकाकी गेली की बस. मी हे करायला लागल्यापासून स्वस्त ग्लूनेही टायर सुटलेला नाही.

जाता जाता, ज्याच्यावर इथे एवढी हमरीतुमरी चालू आहे ते रसायन १९४२ साली ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या गटाने बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना बनवलं होतं. आणि टाकून दिलं, का तर हात लावेल तिथे चिकटतंय! बाजारात यायला १९५८ उजाडलं.

सुटलेला टायर

हे बघा, प्रयोगशाळावाले माझ्याच बाजूने बोलले! पुसणं महत्त्वाचं, बाटली नाही.

नाना, सोलण्याचा मुद्दा मान्य. पण माझंही ऐका. तुमची मोठी बाटली एकदा उघडली की हवेतला ओलावा आत शिरतो, तिसऱ्या महिन्यात काकवी आणि सहाव्या महिन्यात दगड. माझी ट्यूब दर वेळी ताजी. यात चूक काय?

नायट्रोनाना

चूक तुमच्या घरात आहे. बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवायची. काढल्यावर लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. माझी वर्ष काढते.

चिखल्या

अहो, चिकटवताच कशाला? बीडलॉक रिम घ्या, म्हणजे टायरची कड कड्याखाली दाबून धरणारी, स्क्रू आवळा, विषय संपला. माझ्या क्रॉलरवर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणाऱ्या रिमोटच्या गाडीवर, चार वर्षांत ग्लूचा एक थेंब लागलेला नाही. फोम बदलायचा असेल तर दहा मिनिटांचं काम.

नायट्रोनाना

चिखल्याभाऊ, तुमचा क्रॉलर दगडावर मुंगीच्या पावलाने चढतो. तिथे बीडलॉकच हवं, वादच नाही. पण बीडलॉकमुळे चाकाच्या कडेला वाढलेलं वजन माझ्या बग्गीला प्रत्येक वळणातून बाहेर पडताना फिरवावं लागतं आणि ब्रेक मारला की थांबवावंही लागतं. बैलगाडीची चाकं शर्यतीच्या सायकलीला लावत नाहीत.

कोकणातली धूळ

धूळ कसली, आमच्याकडे चिखलच. पावसाळ्यातला अनुभव सांगते. जुलैत ग्लू लावला की क्षणात पकडतो, टायर सरळ करायला वेळच मिळत नाही, आणि काळ्या साइडवॉलवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर. आधी वाटलं ग्लू नकली आहे. नंतर कळलं की ग्लूची वाफ दमट हवेत पांढरी होऊन बसते, आणि ग्लू जास्त ओतला की जास्तच. तेव्हापासून पंखा चालू ठेवते आणि थेंब निम्मा करते. या बाबतीत मी नानांच्या बाजूची, बारीक नळीची बाटली हवीच. ट्यूब दाबली की कधी काहीच येत नाही आणि कधी सगळंच येतं.

आणखी एक. ओघळ कापसाने पुसू नका! मी पुसला, तर कापूस गरम होऊन त्यातून धूर निघाला. सुती हातमोजेसुद्धा नकोत. नायट्राइलचे घाला, आणि डोळ्यांना चष्मा.

मोची गल्ली

सगळे एकाच रसायनाभोवती फिरताय. चपलेचा तळ रोज सोलला जातो, तो मोची कशाने चिकटवतो? सोल्यूशनने. ते रबरासारखंच लवचिक राहतं. नानांची ‘सोलणं’वाली तक्रार एका फटक्यात मिटते.

प्रयोगशाळेतून

तत्त्व बरोबर, जागा चुकली. ते सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून वाळू द्यावं लागतं आणि टेकलं की तिथेच पकडतं. टायर तर खाचेत सरकवत, फिरवत बसवायचा असतो. अर्ध्यात वाकडा चिकटला की झालं. त्यातून उन्हात तापलं की मऊ पडतं. अख्ख्या फोमच्याच बनलेल्या टायरला मात्र तेच लावतात. त्याचं गोल कडं रिमवर सरकवून चिकटवायचं आणि मग लेथवर घासून गोल करायचं. तिथे तुमचा मोची जिंकला.

सुटलेला टायर, तुम्हाला एक काम सांगतो. तो जो एक सुटला होता, तो अजून घरात असेल तर बघा की ग्लू कुठे राहिलाय. सगळा रिमवर असेल आणि रबर स्वच्छ, तर रबर पुसलं गेलं नव्हतं. रबरावर असेल आणि रिम कोरी, तर रिम खरवडली नव्हती. रिमवर रबराचे तुकडे फाटून राहिले असतील तर ग्लूने आपलं काम केलंय, रबर हरलंय.

सुटलेला टायर

माळ्यावरून काढला. ग्लूचं अख्खं कडं रिमवर, बांगडीसारखं. रबर अगदी कोरं.

म्हणजे फेविक्विक निर्दोष! आता तीच रिम वापरायची आहे, जुना ग्लू काढू कसा?

प्रयोगशाळेतून

रिम साध्या नायलॉनची असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवून झाकून ठेवा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. क्रोमची चकाकी असलेली रिम असेल तर ॲसिटोन नको, प्लॅस्टिकच खाईल. नायलॉन पाण्यात अर्धा तास उकळूनही ग्लू ठिसूळ होतो, मग नखाने निघतो. पातेलं मात्र स्वयंपाकघरातलं घेऊ नका.

नायट्रोनाना

निर्दोष काय, पुरावा अर्धाच आहे! ‘बांगडी’ म्हणताय, म्हणजे थर जाड बसला होता. ओतलात भरपूर. पातळ ग्लू खाचेत पसरला असता तर बांगडी झालीच नसती.

सुटलेला टायर

पुसलेल्या टायरवर बघू की. या चारपैकी दोन तुमच्या बाटलीने, दोन माझ्या ट्यूबने, चारही अल्कोहोलने पुसून. फक्त बाटली तुम्ही आणा, मी विकत घेणार नाही.