प्रतिसाद: इम्पोर्ट दोनदा केलं तर कोड दोनदा चालतो का?
पायथनमध्ये एकच मॉड्यूल (म्हणजे कोडची एक फाइल) दोन फायलींतून इम्पोर्ट केलं, म्हणजे वापरायला आत घेतलं, की त्यातला कोड दोनदा चालतो, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. तसं होत नाही. पहिल्या वेळी फाइल वरपासून खालपर्यंत चालते आणि मॉड्यूल 'सिस.मॉड्यूल्स' या डिक्शनरीत (नावावरून मॉड्यूल शोधायच्या तक्त्यात) राहतं. पुढे तेच उचलून दिलं जातं.

खरी गोम वेगळीच आहे: या डिक्शनरीतली नोंद मॉड्यूलचा कोड चालायच्या आधीच होते. म्हणून 'अ' या मॉड्यूलने सुरुवातीलाच 'ब' ला आणि 'ब' ने परत 'अ' ला इम्पोर्ट केलं, की 'ब' च्या हाती अर्धवट 'अ' येतं. तिथे 'फ्रॉम अ इम्पोर्ट मोजणी' लिहिलंत तर इम्पोर्टएरर (इम्पोर्ट फसल्याची चूक) ठरलेला, कारण मोजणी हे फंक्शन अजून तयारच झालेलं नसतं. दोघांना लागणारा भाग सरळ तिसऱ्या फाइलमध्ये काढा. फंक्शनच्या आत इम्पोर्ट ढकलूनही भागतं, पण मला ती मलमपट्टी वाटते.