चर्चा: यूपीआयचा पूर्वज कोण? वॉलेट की टेलिफोन एक्स्चेंज?

रावपुरेकर: दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदा आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकले, त्यांनी मोबाईल वॉलेटचं पेटंट घेतलं, म्हणून यूपीआयचं मूळ बडोद्यात, हा युक्तिवाद मला पटत नाही. त्यांचं १९९६ चं अमेरिकन पेटंट (५,५९०,०३८) म्हणजे स्क्रीन असलेलं एकच कार्ड, त्यात बाकीची सगळी कार्डं आणि पावत्या साठवायच्या. यूपीआय लाइट (छोट्या रकमा फोनमध्येच ठेवायची सोय) सोडलं तर यूपीआयच्या ॲपमध्ये पैसे नसतातच. ते बँकेत असतात, पिनही बँकच तपासते. ॲप नुसता हुकूम पुढे धाडतं. पूर्वज शोधायचाच तर एक्स्चेंजमध्ये शोधा.

मांडवीकर: एक्स्चेंज कसलं राव? स्ट्रोजरच्या जुन्या स्वयंचलित एक्स्चेंजमध्ये सिलेक्टरला डायलचे सेकंदाला १० पल्स (विजेचे ठोके) येतात, त्यातला वायपर (सरकता संपर्क) आधी वर चढतो, मग आडवा फिरतो. १० पातळ्या, प्रत्येकीवर १० जागा. शेवटी दोन ग्राहकांमधली वाट खरोखर जोडली जाते आणि फोन ठेवेपर्यंत अडकून राहते. यूपीआयमध्ये कुठली वाट अडते? निरोप जातो, उत्तर येतं. हे तारखात्याच्या जास्त जवळचं.

रावपुरेकर: स्ट्रोजरपाशीच का थांबता? त्याचं पेटंट १८९१ चं. नंतरच्या क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये नंबर आधी रजिस्टरमध्ये जमा होतो, मग मार्कर मोकळी वाट शोधतो. नियंत्रण वेगळं, बोलण्याची वाट वेगळी. यूपीआयचा क्रम बघा: पैसे देणाऱ्याचं ॲप एनपीसीआयला (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेला) सांगतं, एनपीसीआय घेणाऱ्याच्या बाजूला विचारते की हा आयडी कोणत्या खात्याचा, मग देणाऱ्याच्या बँकेत डेबिट, घेणाऱ्याच्या बँकेत क्रेडिट, शेवटी दोघांना कळवणं. आयडीवरून खातं काढणं हे रजिस्टरचंच काम.

मांडवीकर: क्रम मान्य. पण बिघडल्यावर काय होतं ते बघा, तिथे फरक उघडा पडतो. १० ट्रंकवर (एक्स्चेंजमधल्या सामाईक लाइनींवर) १ टक्का कॉल वाया जाऊ द्यायचे ठरवले तर साधारण ४.४६ अर्लांग, म्हणजे सरासरी एका वेळी साडेचार कॉलांइतकाच भार घेता येतो. म्हणजे थोडे कॉल गळणार हे हिशेबात धरूनच डिझाइन होतं. एंगेज टोन ऐकू आला की विषय संपला, कुणाचं कुणाला देणं नाही. यूपीआयमध्ये डेबिट झालं आणि क्रेडिटचं उत्तरच आलं नाही तर? पैसे लोंबकळतात. म्हणून रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक: व्यक्तीला पाठवलेले पैसे टी+१ ला (टी म्हणजे व्यवहाराचा दिवस) परत, दुकानदाराचे टी+५ पर्यंत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. असली यंत्रणा टेलिफोनवाल्यांना कधी बांधावी लागली नाही. ही चेक क्लिअरिंगची परंपरा.

खंडेराव_मार्केट: दोघांनी गर्दीचा मुद्दा सोडलाय. एंगेज मिळालं की लोक पुन्हा पुन्हा डायल करतात, अर्धवट कॉल रजिस्टर अडवून बसतात आणि पुरे होणारे कॉल उलट कमी होतात. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडलं तेव्हा हेच झालं: काही बँकांनी 'व्यवहार झाला का' या चौकशांचा भडिमार केला. एनपीसीआयचा तेव्हाचा नियम असा होता की पहिली चौकशी ९० सेकंदांनंतर, पुढे दोन तासांत जास्तीत जास्त तीन.

दुकानदारांनीही तेच पाळावं. साउंडबॉक्स बोलला नाही म्हणून गिऱ्हाइकाला लगेच दुसऱ्यांदा पैसे टाकायला लावू नका. त्या डब्यात वेगळं सिम असतं, त्याचं नेटवर्क गेलं तरी पैसे जमा झालेले असू शकतात. आपल्या खात्यात १२ आकडी संदर्भ क्रमांक जुळवा. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, तो कुणीही बनवतो.

मांडवीकर: पटलं, पण सगळ्यांसाठी एकच सामाईक नियंत्रण आलं की हे दुखणं कुठेही येतं. तेवढ्यावरून वंशावळ ठरत नाही. आणि पित्रोदांचं कौतुक करायचंच तर १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसवलेल्या, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेच्या रॅक्सचं (ग्रामीण एक्स्चेंजचं) करा. १२८ पोर्ट, एसीची गरज नाही, धुळीत-उन्हात चालणारं.

रावपुरेकर: तेही सी-डॉटच्या अख्ख्या टीमचं काम. बाकी चेक क्लिअरिंगचा मुद्दा मी अजून मानलेला नाही. त्यात रात्रीपुरती उसंत असायची, इथे काही सेकंदांत दोन्ही बँकांचं उत्तर लागतं.